वरच्या अकरा लगोऱ्या

तुमच्या मोबाइलच्या नकाशात ती जुनी वाट अजून दिसते ना? दिसणारच. नकाशाला काय, त्याला स्वतःला थोडंच चालायचं असतं. दोन तास वाचतात म्हणून सकाळी तुम्ही तिघं त्याच वाटेनं निघणार, हे मी जेवताना ऐकलं. म्हातारा झालोय, बहिरा नाही. बसा इथंच. आणि दिवा चालू राहू दे. अंधार केल्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही असं काही नाही.

आधी डोंगर समजून घ्या. खाली उतार, त्यावर लाल मातीचा मऊ थर, त्याच्या डोक्यावर काळ्या दगडाचा सरळसोट कडा, आणि कड्यावर सपाट पठार. म्हणजे टणक दगडाचं सगळं ओझं मऊ मातीवर. पाणी मुरत जातं, माती निसटते, आणि एक दिवस वरचा दगड खाली येतो. जुनी वाट कड्यातल्या एका घळीतून पठारावर चढायची. चार वर्षांपूर्वी ती घळ अख्खी बसली. नुसती वाटेची सुरुवात आणि शेवट उरला, मधला जिना गायब. मग कड्याला वळसा घालून नवी वाट काढली. तुम्ही जाणार आहात ती. जाणारच आहात.

हे ज्याच्या बाबतीत घडलं त्याला आम्ही सगळे खूणवाला म्हणायचो. वाटांच्या खुणा राखायचं त्याचं काम. धुक्यात वाट कळावी म्हणून ठरावीक अंतरावर दगड रचून ठेवतात, पाहिलेत ना? आम्ही त्यांना लगोऱ्या म्हणतो. येणारा-जाणारा त्यावर एकेक दगड ठेवतो, म्हणून त्या टिकतात. खूणवाला दिसायला किडमिडीत, पण दहा जणांच्या पायाखालची वाट त्याच्या हातात. माझा चांगला दोस्त. रोज संध्याकाळी ह्याच ओट्यावर बसून माझा चहा प्यायचा आणि वर चहाला नावं ठेवायचा.

वाट बंद करायची तर तिच्या लगोऱ्या मोडाव्या लागतात. आणि मोडायचा एकच नियम आहे: वरून खाली. का, तर खालून चढणाऱ्याला खूण सापडली नाही की तो वैतागून घरी येतो. वरून उतरणारा तसा नसतो. तो दमलेला असतो, त्याला घर दिसत असतं. त्याला एक लगोरी दिसली की तो दुसरी शोधतो, दुसरी दिसली की तिसरी. आणि त्या जिकडं नेतील तिकडं जातो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची सोळा तारीख, बुधवार. खूणवाला सकाळी पहार आणि डबा घेऊन निघाला. जुन्या वाटेच्या वीस लगोऱ्या मोडायच्या होत्या. नऊ कड्याच्या खाली, अकरा पठारावर. आता पठारावर जायचं म्हणजे नव्या वाटेनं चार तास, आणि त्याचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. त्यानं विचार केला, आज घराजवळच्या नऊ उरकू, उद्या वरच्या अकरा. एका दिवसाचा तर प्रश्न. वर आहे कोण?

वर एकच माणूस होता. वहिनींचा, म्हणजे खूणवाल्याच्या बायकोचा, धाकटा भाऊ. पठारावर पाऊस-वारा मोजायचं केंद्र आहे, दोन खोल्यांचं. तिथं तो पंधरा-पंधरा दिवस राहायचा. तो शनिवारी उतरणार होता. जुनी वाट बसल्याचं त्याला माहीत होतं. पण नव्या वाटेच्या खुणा रंगाच्या आहेत, खडकावर पांढरे पट्टे. धुक्यात पांढरा पट्टा दिसतो का? लगोरी दिसते. आणि सात वर्षं त्याचे पाय लगोऱ्यांच्याच मागं चालले होते.

खूणवाल्यानं नऊ मोडल्या, नेहमीच्या त्याच्या पद्धतीनं: एकेक दगड गवतात आडवा, शेवाळाची बाजू वर. पाचनंतर धुकं उतरलं, तसा तो घरी आला. साडेसहा वाजले असतील. पाय धुतो न धुतो तोच वहिनी म्हणाल्या, "किती फोन केले तुम्हाला. वर कुठं लागतच नाही."

"का? काय झालं?"

"बाळ्या निघालाय वरून. तीनला केंद्रावरच्या फोनवरून कळवलं त्यानं. दाढ दुखतेय, रात्र काढवत नाही म्हणाला. आत्तापर्यंत यायला हवा होता."

 खूणवाल्यानं बॅटरी उचलली, शिट्टी गळ्यात अडकवली, आणि ओल्या पायांनीच बाहेर पडला. वहिनी मागून ओरडल्या, अहो, जेवून तरी जा. त्यांना वाटलं, भावाला अर्ध्या वाटेत गाठायला निघालेत. त्याचा जीव कशानं उडाला होता ते त्यांना कुठून कळणार? वरच्या अकरा लगोऱ्या उभ्या होत्या. सरळ रेषेत. कड्याच्या तुटलेल्या काठापर्यंत.

साडेसातला तो कड्याच्या पायथ्याशी पोचला. धुकं इतकं की बॅटरीचा उजेड हातभर पुढं जाऊन अडकायचा. कोसळलेल्या दगडांच्या राशीत एका मोठ्या धोंड्याला टेकून तो उभा राहिला. शिट्टी वाजवली. थांबला. परत वाजवली.

वरून काहीच नाही.

मग लांबून, पठाराच्या पार आतून, आवाज आला. दगडावर दगड पडल्याचा. खट्… खट्…

आणि मग, "दाजी…"

बाळ्याचाच आवाज. दाढ दुखत असल्यासारखा, जड. खूणवाला मला नंतर म्हणाला, तो आवाज ऐकून मला आधी रडूच फुटलं. जिवंत आहे. पोचलो वेळेवर. त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि ओरडला, "बाळ्या, आहेस तिथं बस. पुढं वाट नाही. सकाळी येतो मी. बस खाली."



खट्… खट्… "दाजी…"

जरा जवळून.

खूणवाल्याला वाटलं, हा येडा दाढेच्या कळा सोसत प्रत्येक लगोरीवर दगड ठेवत येतोय. ऐकू जात नाही त्याला. तो आणखी मोठ्यानं ओरडला. शिट्टी फुंकून फुंकून ओठ फाटले. वरून उत्तर नाही. नुसते दगड, आणि प्रत्येक वेळी ती हाक. तिसरी. चौथी. लगोऱ्या त्यानंच रचलेल्या. दोन लगोऱ्यांत किती पावलं, ते त्याला पाठ होतं. तो मोजत होता. मोजण्यापलीकडं त्याच्या हातात काय होतं, सांगा ना?

पाचवीला त्यानं वर चढायचा प्रयत्न केला. लाल मातीत नखं रुतवून पुरुषभर चढला असेल. माती सुटली. तो खाली आला. परत चढला. परत खाली. सुजलेला गुडघा दगडावर आपटला. नवी वाट धरावी, तर चार तास. आणि तो आवाज तर आता…

सहावी.

सातवी.

"बाळ्या, ऐक रे. ऐक माझं. नको येऊस."

आठवी… "दाजी…"

घसा बसला. शब्द फुटेना. त्यानं बॅटरी हलवली. बॅटरी हलवून काय होणार? त्याला स्वतःलाही तिचा उजेड धड दिसत नव्हता.

नववी.

दहावी. अगदी वर. डोक्यावर.

तो खाली बसला. कानांवर हात दाबून धरले. अकरावी काठापासून हातभर आहे, हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. हात दाबूनही ऐकू आलं.

खट्…

खट्…

एक खडा त्याच्या खांद्यावर पडला.

"दाजी…"

आणि मग… काही नाही. पाऊल नाही. किंकाळी नाही. काही पडल्याचा आवाज नाही. खूणवाला वाट बघत राहिला. कशाची वाट बघतोय, ते त्याला कळत होतं आणि तरी तो बघत होता. रात्रभर. तो आवाज काही आला नाही.

मध्यरात्रीनंतर वहिनींचा मला फोन आला. आमच्या डॉक्टरांना उठवलं, उजाडता उजाडता आम्ही दोघं पायथ्याशी पोचलो. खूणवाला त्याच धोंड्याला टेकून बसलेला. बोटं लाल मातीनं माखलेली. धुकं उठायला लागलं होतं. मी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली आणि सहज धोंड्याच्या पलीकडं पाहिलं.

बाळ्या तिथंच पडला होता. धोंड्याच्या त्या अंगाला. मध्ये चार हातांचं अंतर नव्हतं.

डॉक्टरांनी मान हलवली. अंग कडक झालं होतं, कपड्यांवर रात्रीचं सगळं दंव बसलं होतं. "संध्याकाळचाच गेलाय," ते म्हणाले, "सहाच्या आत. पडला त्याच क्षणी."

खूणवाला म्हणाला, "नाही. रात्री दहापर्यंत बोलत होता." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. मग खूणवालाच हळूच म्हणाला, की काल साडेपाचला, कड्यालगतची शेवटची लगोरी मोडून खाली उतरताना, मागं दगड घरंगळल्याचा आवाज आला होता. रोजच घरंगळतात. त्यानं वळून पाहिलं नव्हतं.

आम्ही बाळ्याला खाली आणला. वहिनींनी भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला एकच विचारलं, "तुम्हाला काही बोलला का हो?" खूणवाला म्हणाला, नाही. मी तिथंच उभा होतो. मीही नाहीच म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आजही त्या समोर दिसल्या की मला रस्ता बदलावासा वाटतो.

शुक्रवारी वरच्या अकरा मोडायला निघालो. त्याला एकट्याला सोडवेना म्हणून मी सोबत. नव्या वाटेनं, चार तास.  लख्ख ऊन होतं, पठार शेवटपर्यंत दिसत होतं.

एकही लगोरी उभी नव्हती.

अकराच्या अकरा मोडलेल्या. ढकलून नव्हे, वाऱ्यानं नव्हे. एकेक दगड उचलून गवतात आडवा ठेवलेला, शेवाळाची बाजू वर, म्हणजे लांबून कुणाला चुकूनही खूण वाटू नये. खूणवाला एकेका जागी थांबत गेला. मी मागं. अकराव्या जागेपाशी तो वाकला, एक दगड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि होता तसा परत ठेवला.

"हे माझ्या हातचं आहे," तो म्हणाला. "असे दगड फक्त मी ठेवतो."

आणि तो तर, पोरांनो, बुधवारी रात्रभर खालीच होता, वरचं ते खट् खट् ऐकत. गुरुवारी दिवसभर आमच्यासोबत होता…