तिन्हीसांजेला फिरणारं चाक

"आज तिन्हीसांजेला मी मांगरात बसतलंय!" सलोनीने जाहीर केलं.

तिचा मित्र हमझा याच्या हातातला आंबा तोंडापर्यंत पोचलाच नाही. "येकटी?"

"येकटी कित्याक? तुमी दोघव आसास मां!"

"माका उद्या दात काढूक जावचा आसा," हमझा घाईघाईने म्हणाला.

"दात उद्या. भूत आज!"

तिचा धाकटा भाऊ सर्वेश हसला नाही. हमझाही हसला नाही. खरं सांगायचं तर सलोनीलाही हसू येत नव्हतं.

घरामागच्या मांगरात, म्हणजे नारळ, जुनी जाळी आणि अडगळ टाकायच्या चिऱ्याच्या खोलीत, तिच्या बाबांची, निलेशची बाईक उभी होती. साधीसुधी नव्हे, चिखलातल्या शर्यतींची उंच, दणकट फोर स्ट्रोक गाडी. तारकर्लीपासून फोंडाघाटापर्यंत निलेशची गाडी म्हटलं की पोरं कुंपणावर चढायची. गेल्या पावसात लेप्टोच्या तापाने बाबा गेले आणि गाडी मुकी झाली.

आता मेच्या सुट्टीत, अमावास्येपासून, तिला पुन्हा कंठ फुटला होता, पण भलत्याच वेळी. दिवेलागणीला मांगरात चिटपाखरू नसताना आतून सेल्फ मारल्याचा आवाज यायचा. खर्रर्र... खर्रर्र... आणि सकाळी शंकरकाकांनी बटण दाबलं की नुसतं "टक"!

काकांना गाडी विकायची होती. दिवसभर ते बॅटरी चार्जिंगला लावत, संध्याकाळी जोडून ठेवत आणि सकाळी गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पडत. शेवटी त्यांनी हात टेकले. "देवचारानं, भुतानं धरलीहा तिका! उद्या सकाळी भंगारवालो टेम्पो घेवन येतलो. सुंठीवाचून खोकलो गेलो!"

भंगारात! बाबांच्या बरोबरीने सलोनीने त्या गाडीचा एकेक नट पुसला होता. उद्या गाडी गेली की बाबांचं म्हणून काय उरणार? खुंटीवरचं हेल्मेट? त्या विचाराने तिला जेवण जात नव्हतं. आणि मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. ते खरंच बाबा असतील तर?

सूर्य बुडाला तेव्हा तिघं नारळांच्या ढिगामागे दडून बसली होती. सुरूच्या बनातून वारा सुस्कारे टाकत येत होता. मांगरात अंधार साचत चालला. लाकडी खोक्यावर चढवून ठेवलेली गाडी आता मोठ्या जनावरासारखी दिसत होती. तिचं मागचं चाक अधांतरी होतं, आणि हँडलाला बांधलेली एक काळी पुरचुंडी हळूहळू हलत होती.

"सर्वेशा, माझ्या पायावरचो हात काढ," हमझा कुजबुजला.

"माझे दोनव हात दिदीकडे आसत!"

"मगे ह्यो कोणाचो?" हमझाने खाली चाचपलं आणि सुस्कारा सोडला. "जाळ्याची दोरी. अल्ला, माझो जीव गेल्लो!"

"श्शू!"

टक.

खर्रर्र! गाडी अंगभर शहारली. खर्रर्र... खर्रर्र... आणि मागचं चाक फिरू लागलं! हळूहळू, गचके देत, कुणी तरी घरी यायला निघाल्यासारखं. बटणावर हात नाही, सीटवर माणूस नाही!

हमझा नारळांवरून गडगडत थेट दारात पोचला. सर्वेश मात्र उठून पुढे धावला. "बाबा!"

सलोनीने त्याला कसंबसं मागे ओढलं. मग तिने पुढे होऊन उजवं हँडल घट्ट धरलं. हँडल ओलं होतं! गार आणि ओलं. किंकाळी फुटेल म्हणून तिने तोच हात तोंडावर दाबला. ओठांना खारट चव लागली.

"खारट आसा," ती पुटपुटली.

"बाबा रडतत!" सर्वेशने हंबरडा फोडला.

तेवढ्यात चाक मंदावलं. खर्र... टक. टक. मग काहीच नाही, फक्त समुद्राची गाज.

"बॅटरी बसली," दारातून हमझा म्हणाला. त्याचे अब्बा मुनव्वरचाचा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. भुताला घाबरला तरी बॅटरीचा आवाज तो बरोबर ओळखायचा. "होडीची बॅटरी उतारली की अशीच टकटकता."

सलोनीच्या डोक्यात काही तरी हललं. "म्हणान सकाळी नुसता टक! संध्याकाळी ही सगळी बॅटरी खाता, आणि काका रोज तिका परत जेवण घालतत!"

"ता खरा. पण बटण कोण दाबता?"

बाबांचं एक वाक्य सलोनीला आठवलं. गाडी अडली की ते म्हणायचे, "आदी बॅटरी बघ, मगे वायर, मगे बटण. इंजिनाक दोष शेवटी देवचो." भुताचं नाव त्यांनी कधीच घेतलं नव्हतं. बॅटरी धडधाकट होती, वायरी तिने दुपारीच तपासल्या होत्या. म्हणजे राहिलं बटण. या गाडीला किल्लीसुद्धा नव्हती. बटणाच्या आतले तांब्याचे दोन पत्रे जुळले की थेट सेल्फ फिरायचा.

रात्री जेवताना आई बांगड्याच्या सारात मीठ घालायला उठली आणि करवादली. "मेल्या मिठाक परत पाणी सुटला! दुपारी खडखडीत सुका होता. सांजचो खारो वारो लागलो काय ह्याचा असाच."

सलोनीचा घास हातातच राहिला. दुपारी सुकं, संध्याकाळी पाणी!

"आई, गाडीच्या हँडलाक ती काळी पुरचुंडी कोणी बांदल्यान गो?"

"मीच बांदलंय, अमावास्येक." आईचा आवाज बारीक झाला. "मीठ-मोहरी घातलंय तेच्यात. रोज नवो माणूस येवन गाडी बघी. कोणाची नजर लागूक नको म्हणान उजव्या हाताक बांदलंय."

उजव्या हाताला! आणि सेल्फचं बटण कुठल्या हाताला असतं? सलोनी उठली, तशीच परत बसली, आणि त्या रात्री तिचा डोळा लागला नाही.

सकाळी टेम्पो दारात भोंगा वाजवत होता, तेव्हा सलोनीच्या निरोपावरून हमझा धापा टाकत होडीची बॅटरी घेऊन पोचला.

"पोरांनो, बाजूक होवा!" शंकरकाका गरजले.

"काका, वायच थांबा. तुमका भूत दाखयतंय!"

"दिवसाढवळ्या?"

"माझा भूत येळकाळ बघणा नाय!"

भंगारवाला कुतूहलाने पुढे आला. सलोनीने पुरचुंडी सोडवून वाटीत पिळली. मळकट पाणी निघालं. बटणाची डबी उघडली तर आतलं तांबं हिरवंगार! तिने ती कोरड्या फडक्याने टिपली, आणि हमझाने बॅटरी जोडली. गाडी गप्प.

"बघलात? आता बघा!" तिने वाटीतलं खारट पाणी डबीत सोडलं.

टक. खर्रर्र! चाक गरगर फिरलं. काकांनी अशी उडी मारली की भंगारवाल्याच्या कमरेला मिठीच बसली!

"ह्यो तुमचो देवचार," हमझा ऐटीत म्हणाला. "सांज झाली की मिठाक पाणी सुटता, ता बटणात उतारता, आणि सेल्फ आपसूक फिरता. आणि काका, गाडी पयल्या गिअरात कोणी ठेवल्यान? म्हणान चाक फिरा!"

काकांनी जीभ चावली.

हमझाने बॅटरी सोडवली. सलोनीने डबी गोड्या पाण्याने धुतली, तांबं घासून लख्ख केलं, पुसून वाळवलं. गाडी अंगणात आली. बॅटरी जोडली, गिअर न्यूट्रल, पेट्रोलचा कॉक चालू, चोक ओढला.

"सर्वेशा, तू दाब."

सर्वेश जागचा हलला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. "म्हणजे दिदी, बाबा येत नव्हते?"

सलोनीला या प्रश्नाचीच भीती होती. खोटं बोलणं सोपं होतं, पण तिने त्याला जवळ ओढलं. "नाय रे. येत नव्हते." तिने त्याचे डोळे पुसले. "पण ह्या शोधूचा कसा, ता त्यांनीच शिकवल्यानी."

सर्वेशने नाक पुसलं आणि बटण दाबलं. खर्रर्र... खर्रर्र... धडधडधड! आख्ख्या वाडीला ओळखीचा असलेला तो आवाज माडांच्या शेंड्यांपर्यंत गेला. हमझा तर दातदुखी विसरून नाचायलाच लागला.

शंकरकाकांनी कान पकडले. "देवचार देवचार म्हणत होतंय, आणि तेका रोज जेवण मीच घाली होतंय! शाबास गो सलोनी! बापसाचा चेडू शोभतंस. हमझा, तुझ्या अब्बांकडे मी स्वतः जावन तुझी तारीफ करतंय. आणि आता ऐका, ही गाडी खंय जावची नाय. सलोनी अठराची होयसर हयच ऱ्हवतली!"

भंगारवाल्याला रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसेना, म्हणून काकांनी त्याला स्वतःची गंजकी लोखंडी खाट दिली. मुनव्वरचाचांनी संध्याकाळी येऊन बटणावर रबरी टोपण बसवलं आणि सलोनी आणि हमझाच्या पाठीवर थाप मारली.

तिन्हीसांज झाली. सुरूतून तोच वारा आला. मांगर गप्प राहिला.

आई हातात दिवा घेऊन मागच्या दारात उभी होती. ती अमावास्येपासून रोजच या वेळी तिथे उभी राहायची, हे सलोनीच्या आत्ता ध्यानात आलं. ती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आज वाजूक नाय," आई म्हणाली.

"आता आपसूक नाय वाजायची, आई."

आईने दिवा उंबरठ्यावर ठेवला आणि पदराने डोळे टिपले. "मगे तूच वाजव गो वायच."

सलोनी मांगरात गेली आणि तिने बटण दाबलं.