दोनशे चौदा नंबरचा खुंट

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. वाढवून सांगायची मला सवय नाही. घडलं तेवढंच सांगतो.

त्या दिवशी दुपारी मी करवतीचे दात घासत बसलो होतो. मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन समोर आली. कारखान्यात लाकूड माझं आणि कागद तिचे, अशी आमची वाटणी आहे. तिची आई गेल्यापासून घरही तीच बघते.

"बाबा, एक ओंडका कमी पडतोय."

"कितीला?"

"दोन टेबलांना."

एका ग्रंथालयाचं काम होतं. वाचायची एकवीस टेबलं. चार महिने खेटे घालून तिनं ते मिळवलं होतं. अट एकच होती, पण कडक. प्रत्येक ओंडका परवानगीच्या झाडाचा हवा, आणि कोणत्या झाडाचा ते दाखवता आलं पाहिजे. कागदांखाली सही तिची. एक जरी ओंडका खोटा निघाला, तर सगळी टेबलं परत आणि तिचं नाव कायमचं काळ्या यादीत.

ओंडका कसा ओळखतात, तेही सांगतो. तोडायचं झाड ठरलं की जंगल खात्याचा गार्ड त्यावर खुणेच्या हातोड्यानं दोन ठोके मारतो. एक खाली मुळापाशी, एक वर छातीच्या उंचीला. गोल खूण उमटते. शेजारी नंबर ठोकतात, दोन्हीकडे एकच. झाड पडलं की खालची खूण खुंटावर राहते, वरची ओंडक्याबरोबर जाते. शंका आली, तर ओंडका बघा आणि रानात जाऊन खुंट बघा. जोडी जुळली पाहिजे.

आमच्या परवान्यात एकतीस झाडं होती. दोनशे चौदा नंबरचं आतून पोकळ निघालं, म्हणून गार्डनं ते उभंच सोडलं. कमी पडलेला ओंडका तो.

"नवा परवाना काढते," मुलगी म्हणाली. "दोन महिने लागतील. आपण मुदत मागून घेऊ."

"मुदत मागायला आपण काय भिकारी आहोत?"

तिनं कागद गोळा केले. मी वखारीत गेलो.

वखारवाला मला काका म्हणतो आणि जगाला टोपी घालतो. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली त्यानं एक सागाचा ओंडका दाखवला. सरळ, भरीव, एक गाठ नाही. खूणही नाही.

"कुठला?"

"काका, लाकूड काय तोंड उघडून गाव सांगणार आहे का? वाऱ्यानं पडलेलं झाड आहे म्हणा."

त्याच्या बुडाला करवतीच्या दातांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. वारा करवत घेऊन फिरत नाही. तरी मी तो आणला.

आता धाकट्याचं सांगायला हवं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. जंगलात गार्ड होता. सतरा वर्षांपूर्वी झाडांवर खुणा करायला डोंगरात गेला तो परत आला नाही. आठ दिवस शोधला. एका झाडाच्या मुळाशी त्याचा हातोडा मिळाला, नीट टेकवून ठेवलेला. धाकटा मिळाला नाही. हातोडा कार्यालयात जमा करायचा असतो. मी केला नाही. आठवण म्हणून पेटीत कुलूप लावून ठेवला. त्याच्या हातोड्याची कड एका जागी उडालेली होती, त्यामुळे त्याची खूण डावीकडे खालून तुटकी उमटायची. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

एकदा मीच त्याला म्हणालो होतो, "दोन झाडांवर मार की खूण माझ्यासाठी. सख्खा भाऊ ना तू?" तो हसला नाही. म्हणाला, "दादा, ओंडक्याला खुंट असतो आणि खुंटाला ओंडका. तू जोडी मोडलीस, तर रान ती पुरी करून घेतं. कशानं, ते त्याचं ते ठरवतं."

मी त्याला वेड्यात काढलं होतं.

मुलगी बँकेत गेली तेव्हा मी पेटी उघडली. भर दुपार होती. ओंडका लाकडी ठोकळ्यांवर चढवला, बुडाशी जागा साफ केली आणि एक ठोका मारला. खूण उमटली. आणि दुसरा ठोका ऐकू आला.

लांबून. डोंगराच्या बाजूनं.

आवाज आदळून परत येतो हे मला कळतं. पण तो लगेच येतो. हा आला तोवर मी हातोडा खाली ठेवून घाम पुसला होता.

मग मी नंबर ठोकला. दोनशे चौदा.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "मिळाला होय ओंडका?"

"गार्डनं ते झाड पाडलं शेवटी. वरचा भाग चांगला निघाला."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि सही केली. माझ्या शब्दावर केली. मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो.

टेबलं होत आली तेव्हा जंगल खात्याच्या तपासनीस बाई आल्या. यादीवर बोट फिरवून त्यांनी तीन नंबर काढले. तिसरा दोनशे चौदा. म्हणाल्या, "यांचे खुंट बघू. चला."

नाही कसं म्हणणार? गार्ड पुढे, मग बाई, मग मुलगी, मागे मी. चढावर मी मनात एकच वाक्य जुळवत होतो, 'मुलीला काही माहीत नाही.' पहिले दोन खुंट जुळले. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो. तिथे दोनशे चौदा उभं असायला हवं होतं.

तिथे खुंट होता.

गार्डनं टोपी काढून डोकं खाजवलं. "हे मी पोकळ म्हणून सोडलं होतं असं वाटत होतं… विसरलो असेन."

बाईंनी वाकून खूण बघितली, नंबर बघितला, कागदावर टिक केली. "जुळतंय."

मी गुडघे टेकून बघितलं. खुंट भरीव होता, मधोमध सुद्धा. काप ओला, कच्च्या लाकडाचा वास येत होता. आसपास भुसा नव्हता. ढलपी नव्हती. तोडलेली एक फांदी नव्हती. एवढं झाड पाडलं की हातभर कचरा होतो. इथे जमीन झाडल्यासारखी.

आणि खूण डावीकडे खालून तुटकी होती.

"काय झालं, बाबा?"

"गुडघा धरला."

हातोडा पेटीत होता. किल्ली माझ्या करगोट्याला.

चार दिवसांनी आंघोळ करताना उजव्या घोट्याच्या वर मला एक वर्तुळ दिसलं. बाटलीच्या बुचाएवढं, तपकिरी. औषधाच्या दुकानात नायट्याचं मलम दिलं. तीन आठवडे चोळलं. जाईना. ते एका बाजूनं तुटकं होतं. डावीकडे, खालून. मी मोजा घालायला लागलो आणि टेबलं पुरी करून ग्रंथालयात पोचवली. दुखत नव्हतं. खाली मुळापाशी खूण, एवढंच. माझ्या एकट्याचं असतं, तर मी ते तसंच घेऊन सरणावर गेलो असतो.

मग एका सकाळी मुलगी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, बघा ना, इथे काही चावलंय का? मला मागचं दिसत नाही." पदर थोडा सरकवून तिनं खांदा पुढे केला.

मागच्या बाजूला, छातीच्या उंचीला. तपकिरी, गोल. डावीकडे खालून तुटकं.

जो राहतो त्याच्यावर खालची खूण, जो जातो त्याच्यावर वरची. मी कप खाली ठेवला.

"आजच्या आज त्या बाईंना बोलाव," म्हणालो.

सगळं सांगितलं. बाईंसमोर आणि तिच्यासमोर. हातोडा दिला, पावती घेतली. वखारवाल्याचं नाव दिलं. त्या ओंडक्याची दोन टेबलं सरकारी गाडीत चढवली, उरलेली एकोणीस ग्रंथालयानं परत पाठवली. बाईंनी लिहिलं की सही करणारीला माहिती नव्हती. तेवढं वाचलं. काम गेलं. मुलगी अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी म्हणाली, "माझ्या शब्दाला आता कोण विचारणार आहे, बाबा?" मी मान खाली घातली. माझ्या हयातीत पहिल्यांदा.

बाई गार्डला घेऊन पुन्हा डोंगरात गेल्या होत्या. मला नंतर कळलं. दोनशे चौदा उभं आहे. पोकळ आहे. दोन्ही खुणा जागच्या जागी आहेत. बाईंनी त्याबद्दल कागदावर काही लिहिलं नाही.

माझ्या घोट्यावरची खूण त्याच आठवड्यात गेली. मुलीला तिच्या खांद्याचं विचारलं तर म्हणाली, "गेली असेल. कोण बघत बसतंय?" बापानं यापुढे काय विचारायचं?

मी ठरवलं, आता उरलेल्या आयुष्यात तिच्याशी एक शब्द खोटा बोलायचा नाही.

काल दुपारी मी एका जुन्या खुर्चीचा पाय चिकटवत होतो. दोन्ही हात सरसानं भरलेले. हत्यारं सगळी भिंतीला. पलीकडच्या खोलीत मुलगी भिंतीला टेकून कागद लावत होती.

ठोका पडला. एकच.

लांबून नाही.

पलीकडे कागदांची सळसळ थांबली. मग तिचा आवाज आला.

"बाबा… आत्ता काही ठोकलंत का? खांद्यात दणका बसला माझ्या…"

मी माझ्या हातांकडे बघितलं. सरस बोटांवरून खाली ओघळत होता.

"हो," म्हणालो. "मीच."