तांबड्याच्या छातीतली शीळ

घोड्याची फुफ्फुसं नीट ऐकायची तर त्याच्या नाकाला प्लास्टिकची पिशवी लावावी लागते. स्वतःचाच उच्छ्वास परत ओढून बिचारा वैतागतो, खोल श्वास घेऊ लागतो, आणि मग स्टेथोस्कोपला काहीतरी बोलता येतं. तामीर नदीकाठी जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी हयात अशा पिशव्या धरण्यातच गेली.

यांजमावहिनींच्या तंबूपाशी पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. वहिनींनी खारट चहा दिला आणि रिवाजाप्रमाणे तपकिरीची डबी पुढे केली. डबी त्यांच्या नवऱ्याची. माझा जुना दोस्त, थंडीत गेला. गेलेल्याचं नाव आमच्याकडे घेत नाहीत, त्यामुळे तो आता नुसता 'हे' उरला होता.

"ह्यांचा तांबडा घोडा खोकतोय," वहिनी म्हणाल्या.

"छाती गेलीय त्याची," त्यांचा मुलगा सोदनोम म्हणाला. "दुपारी मांसवाल्याचा ट्रक येतोय. काका, तुम्ही फक्त हो म्हणा."

"तुझ्या बापाची छाती जन्मभर गेलेलीच होती. त्याला कुठे ट्रकात घातला आम्ही?"

"मी विचारलं होतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "ट्रकवाला घेत नाही म्हणाला."

तांबड्याला ताप नव्हता, नाक वाहत नव्हतं. धाप लागणाऱ्या घोड्याच्या बरगड्यांमागे खाच पडते, तीही नव्हती. मी पिशवी लावली. श्वास खोल झाला. फुफ्फुसं स्वच्छ, हवा मऊ आत-बाहेर होत होती.

आणि त्यामागे दुसरा श्वास होता. आखूड. शेवटाला बारीक शीळ.

माझाच असेल म्हणून मी श्वास रोखला. शीळ चालूच राहिली. मध्येच अडकायची, मग ओशाळल्यासारखी सुटायची. हीच शीळ मी वर्षानुवर्षं दोस्तासमोर बसून, तपकीर ओढता ओढता ऐकली होती.

मी पिशवी काढून कुंपणाच्या खुंटीला अडकवली.

"कसं आहे?" वहिनींनी विचारलं.

"घोडा ठणठणीत आहे."

"मी घोड्याचं विचारत नाहीये, भावोजी."

सोदनोमनं स्टेथोस्कोप माझ्याकडून ओढूनच घेतला. वाकून बराच वेळ ऐकत राहिला. तांबड्यानं मान वळवली आणि त्याच्या उजव्या कानशिलाचा सावकाश वास घेतला. पोरांची पापी घ्यायची आमची हीच तऱ्हा. बाप त्याला उजव्या कानशिलाशीच हुंगायचा.

"ट्रकवाल्याला फोन करतो," सोदनोम खाली बघत म्हणाला. "येऊ नको म्हणून."

मी निघालो. पिशवी घ्यायला गेलो तर वहिनींनी हात आडवा घातला.

"असू दे ती इथं."

वारा पडला होता. गवताचं पातं हलत नव्हतं.

पिशवी फुगत होती. आखडत होती.

वहिनींनी डबी उघडून पिशवीच्या तोंडाशी धरली. पिशवी जरा थांबली, मग अलगद आत ओढली गेली, आणि डबीतल्या तपकिरीत चिमटीएवढा खळगा पडला.