पुलाखालची हिरवी लोकर

“पैज लावतो, हे कोणालाही खरं वाटणार नाही!” स्केटच्या पात्यावर कानस घासत सीब्रेनकाका म्हणाले. “आज पहाटे वीबे कालव्यावर आला होता. हातात खराटा! मला बघून टोपी उचलली आणि धुक्यात गडप!”

निन्केच्या हातातला कोको हिंदकळला. वीबे म्हणजे तिचे आजोबा. ऑक्टोबरातच त्यांना चर्चमागे पुरलं होतं.

“काका, गेल्या वर्षी तुम्ही स्केट घातलेला मासा पाहिला होता,” तिचा दोस्त ओने म्हणाला.

“एकच स्केट होता त्याला! उगाच वाढवून सांगू नकोस!”

गोठलेल्या कालव्यावर स्केटिंगच्या शर्यती भरवणाऱ्या बर्फमंडळाची लाकडी खोपटी हसण्याने दणाणली. हसला नाही तो निन्केचा धाकटा भाऊ हिद्दे. “मग फांद्या कोण रोवतं?” त्याने हळूच विचारलं.

सगळ्यांनी खिडकीतून पुलाकडे पाहिलं.

आजोबा गावाचे बर्फ-मास्तर होते. त्यांच्या स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत ढकलतच सगळं गाव स्केटिंग शिकलं होतं. बर्फ जिथे कच्चा, तिथे ते एक फांदी रोवायचे आणि तिच्या टोकाला नातवंडांच्या तोकड्या झालेल्या स्वेटरची लोकर बांधायचे. लोकर दिसली की वळायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आता आजोबा नव्हते. तरी रोज सकाळी पुलाच्या अलीकडे फांद्या उगवत होत्या!

आणि शनिवारी होती आजोबांच्या आठवणीची शर्यत. पहिला मान चिमुकल्यांचा. त्यांची शर्यत पुलाखालूनच जाणार होती आणि सगळ्यांत पुढे असणार होता हिद्दे.

“चला, भूत पकडू!” निन्के उठली. ओने आणि हिद्दे तिच्या मागोमाग निघाले.

फांद्यांपाशी पोचल्यावर ओने वाकला. “निन्के, ही लोकर लाल आहे. भुताने नवीन स्वेटर घेतला की काय?”

निन्केचे डोळे लकाकले. नाताळच्या आधी सीब्रेनकाकांचा लाल मफलर गळ्याभोवती तीन वेढे घ्यायचा. आज तर त्याची टोकं हनुवटीखाली जेमतेम जुळत होती!

ती तडक खोपटीत परतली. “काका, आणखी दोन दिवसांनी तुम्हाला रुमाल गुंडाळून हिंडावं लागेल!”

काकांनी कानस खाली ठेवली. “पकडलंस होय गं? काय करू? मी मंडळाच्या अध्यक्षाला, त्या दाउमाला सांगितलं, पुलाजवळ बर्फ पोकळ आहे. तो म्हणाला, त्या माशाला विचारून या! मग म्हटलं, माझं नाही ऐकत तर वीबेला तरी घाबरतील.”

“पोकळ म्हणजे?”

“इथे ठोकलं तर ठण्ण वाजतं, तिथे ढब्ब! खालचं पाणी उतरलंय. बर्फ नुसता अधांतरी लटकतोय.”

लांबून धडधड ऐकू येत होती. ओनेचा चेहरा पडला. “बाबांचा पंप! शेतं बुडू नयेत म्हणून ते कालव्याचं पाणी उपसतात. कडाका पडला की वीबे आजोबा सूपचं पातेलं घेऊन आमच्याकडे यायचे आणि पाणी उपसणं थांबवायला सांगायचे. या वर्षी कोणी आलंच नाही!”

थंडी पडली की पंप आपोआप थांबतो, असंच सगळ्या गावाला वाटत होतं! आता तो बंद केला, तरी शनिवारपर्यंत पाणी चढणार नव्हतं.

तिघांनी बर्फमंडळाचे अध्यक्ष दाउमासाहेब यांना गाठलं. ते भाषण पाठ करत होते.

“बर्फ मी स्वतः मोजलाय! चांगला वीतभर आहे!”

“कुठे मोजलात, साहेब?” निन्केने विचारलं.

“खोपटीपाशी. का? सगळीकडे पाणी एकच ना? आणि त्या फांद्या फोटोत फार घाण दिसतात. काढून टाका रे!”

शनिवारी उजाडताना निन्के आणि हिद्दे कालव्यावर आले. धुकं इतकं दाट, की पूल हवेत तरंगत होता. फांद्या उपटून काठावर फेकलेल्या. आणि धुक्याच्या आत कुठेतरी... खर्र... खर्र... कोणीतरी बर्फ झाडत होतं.

“काका?” निन्केने हाक मारली. आवाज थांबला.

धुकं जरासं विरलं. पुलाच्या ऐन कमानीखाली एकच फांदी उभी होती. टोकाला हिरवी लोकर.

“ही माझ्या स्वेटरची!” हिद्दे कुजबुजला.

निन्केच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या हिरव्या लोकरीचा उरलेला गुंडा आजीने आजोबांच्या कोटाच्या खिशात ठेवला होता. निन्केच्या डोळ्यांदेखत. त्याच कोटात त्यांना पुरलं होतं.

“ताई, मी शर्यतीत नाही पळणार.”

“कोणीच नाही पळणार!” निन्के म्हणाली. घाबरली तरी तिचं डोकं ठिकाणावर होतं.

शर्यतीला सारं गाव लोटलं. चिमुकले रांगेत उभे. दाउमासाहेबांनी शिट्टी ओठांना लावली, तेवढ्यात निन्के पुढे झाली. “साहेब, आजोबांचा मान राहिला! आधी त्यांच्या खुर्चीवर सूपचं पातेलं ठेवून पुलाखाली ढकलायचं. मग फोटो!”

असा रिवाज जन्मात नव्हता! पण फोटो म्हणताच दाउमासाहेब खुलले. “वा! आणा सूप!”

खुर्चीच्या पायाला ओनेने दोर बांधला, टणक बर्फावर उभं राहून दण्णकन ढकललं. खुर्ची झोकात निघाली, वाटाण्याच्या सूपची वाफ मागे सोडत हिरव्या लोकरीपर्यंत पोचली, आणि...

कड्ड्!

कमानीखालचा सगळा बर्फ खाली बसला. पातेलं, सूप, फांदी, लोकर, सगळं गडप. भोकात काळं पाणी, तेही हातभर खाली.

ओनेने दोर ओढला. खुर्ची ओली, निथळत परत आली. तिच्या पाठीला धरून कोणी एके काळी शिकलं नव्हतं? दाउमासाहेबसुद्धा. त्यांनी शिट्टी खिशात घातली, टोपी काढली आणि हिद्देच्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरांनो, तुम्ही माझ्या तोंडाला काळं लागू दिलं नाहीत,” ते कसेबसे म्हणाले. “शर्यत खोपटीच्या बाजूला घेऊ. पंपाचं सांगायला आजपासून मी स्वतः जाईन, सूप घेऊन. वीबे असते तर तुमच्या पाठी थोपटल्या असत्या! पण ती पुलाखालची फांदी रोवली कोणी? तिथल्या बर्फाने तर मांजरसुद्धा पेललं नसतं.”

सगळ्यांच्या नजरा काळ्या भोकाकडे वळल्या. कुठूनतरी गार झुळूक आली.

सीब्रेनकाकांनी छाती फुगवली. “कोणी म्हणजे? मीच! पहाटे गेलो, रोवली, लोकर बांधली आणि...”

“खोटं!” निन्के ओरडली. “काका, तुमचा मफलर लाल आहे!”