काजूवार्तेचं गाऱ्हाणं

कट्टा गावच्या काजू बागायतदार संस्थेने तन्वीला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, ते ‘काजूवार्ता’ हे सभासदांचं मासिक पत्र काढायला. पत्र वाचलं गेलं तर वार्षिक सभा तिला कायम करणार. नाहीतर पत्र बंद आणि तन्वी घरी. तिला काळजी नव्हती. सभासदांना वाचनाची चटक लावणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे, अशी तिची खात्री होती.

पहिला अंक सभासदांच्या फार उपयोगी पडला. त्यात सुकी मासळी, सुंगटां, छान बांधली जात. दुसऱ्या अंकाची चार पानं कमी केली, तर तक्रार आली: पुडी फाटते.

मग तिसऱ्या अंकात तिने संपादकीयाच्या जागी गाऱ्हाणंच घातलं, देवळात घालतात तसं. ‘बा देवा म्हाराजा, पटावरच्या एकूण एक सभासदाक ह्यो अंक वाचूची बुद्धी दी, आणि उत्तर धाडूक लाय रे म्हाराजा!’ खाली कापून पाठवायची चिठ्ठी. तिच्यावर नाव आणि गाऱ्हाण्याला जमलेले देतात तो होकार, ‘व्हय म्हाराजा’, लिहायचा, संस्थेच्या पेटीत टाकायचं, की झालं.

सचिव गुरुदासने छपाईपूर्वीचं पान बाजूला सारलं. ‘गाऱ्हाणा मस्करी म्हणून घालतत काय गो?’

‘मस्करी नाय, काका. माका नोकरी व्हयी.’

‘छाप गो,’ अध्यक्ष भाई म्हणाले. ‘कोण नाय तर देव तरी वाचीत.’

आठवड्यात पेटी भरली. तन्वीने चिठ्ठ्या सभासदांच्या पटाशी ताडून पाहिल्या. पटावर तीनशे बारा नावं. चिठ्ठ्या तीनशे बारा.

‘शंभर टक्के!’

भाईंनी भजी मागवली. गुरुदासने हात लावला नाही.

‘पट माझ्या बापाशीच्या वेळचो,’ तो म्हणाला. ‘मेलेल्यांची नावां कोणी काढूकच नाय.’

तन्वीने कपाट उघडलं. ‘सभासद मयत’ असा शेरा मारून पोस्टमनने परत आणलेले या महिन्याचे एकशे चार अंक तिथे सुतळीने बांधलेले होते. तिने एक उचलला. पत्त्याची पट्टी शाबूत, डिंक तसाच. पट्टी फाडून अंक उलगडला, तर चिठ्ठीच्या जागी चौकोनी भोक. कात्रीने, ठिपक्यांवरून, अगदी सरळ कापलेलं.

जिवंतांनी आपल्या चिठ्ठ्या हाताने टरकावल्या होत्या.

बाकीचे तिने उघडले नाहीत. शेवटी वाचक तो वाचक. अहवालात तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं: प्रतिसाद, तीनशे बारा.

सभा रविवारी सकाळी अकराला भरली. खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता. साठ खुर्च्या आणि माणसं तेवीस, सगळी पुढच्या दोन-तीन रांगांत, पंख्याखाली. मागे नुसतं ऊन बसलं होतं.

भाईंनी अहवाल वाचला. ‘मगे, तन्वीक कायम करूया?’

‘व्हय म्हाराजा.’

तेवीसच्या तेवीस जण मागे वळले. त्यांच्यातल्या कुणीच तोंड उघडलं नव्हतं.



तन्वीने घसा खाकरला. ठराव तर झाला होता. ‘काका, सूचक म्हणून भाईंचा नाव लिवा,’ ती म्हणाली. ‘अनुमोदक कोण?’

गुरुदास आधीच लिहीत होता. ठरावाला एक अनुमोदक पुरतो. त्याने एक पान भरलं, उलटलं, दुसरं भरत आणलं. नाव, गाव, सभासद क्रमांक. दर नावाआधी तो थांबून कान देई.

सभागृहात कुणी बोलत नव्हतं.

‘एकेकान सांगा,’ तो मान वर न करता मागच्या रिकाम्या खुर्च्यांना म्हणाला. ‘घाई नाय. तन्वी आता खंय जाता?’