आढ्याचं पलीकडचं टोक

शेकोटीत अजून दोन ढलप्या टाका रे. आणि तो भैरू वर छपराच्या लाकडी कैचीवर चढून बसलाय, त्याला आधी खाली बोलवा. अंधार पडल्यावर लाकडावर चढत नसतात... का, ते सांगतो. बसा. ऐकीव नाही हे. ज्योतीराम सुताराच्या तोंडून ऐकलंय, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मागल्या सालची गोष्ट, सत्तावन्नची. पौष वद्य पंचमी. दिवेलागण नुकतीच झालेली. ज्योतीराम कासारवाडीहून माझ्याकडं आला, दोर मागायला. मी तेव्हाही इथंच, पिंपरीत बांधकामावर रखवालीला.

"सोपानराव, जाड दोर द्या. सकाळी येऊन परत घेऊन जावा."

"कशाला रे?"

"घराचं आढं चढवतो."

छपराचा सगळा भार ज्यावर पेलायचा ते लाकूड, त्याचं आढं, दसऱ्यापासून अंगणात पडून होतं. का, ते मला माहीत होतं.

ज्योतीराम आणि त्याचा धाकटा भाऊ गेनू, दोघंही सुतार. लाकूड चढवायचं तर ज्योतीराम अलीकडच्या टोकाला, गेनू पलीकडच्या. थोरल्यानं "घे वर" म्हणायचं, धाकट्यानं खांदा द्यायचा. दसऱ्याच्या तोंडावर एका शेडची तुळई चढवताना ज्योतीरामचा हात सुटला. तुळई गेनूला घेऊनच खाली आली, तो जागीच गेला. लोक म्हणाले, दोर सरकला. आईला, कुशाबाईला, तसंच सांगितलं. ज्योतीराम काही बोलला नाही. तेव्हापासून त्यानं पटाशीला हात लावला नव्हता.

स्वतःचं घर तसंच अर्धवट राहिलं. भिंती, खांब, आणि वर मोकळं आभाळ. कुशाबाई एका कोपऱ्यात गोणपाट बांधून तिथंच राहायची. म्हणायची, गेनूनं उभं केलंय, मी न्हाई जायची कुठं. थंडीनं खोकला छातीत भरला तिच्या. ज्योतीरामनं शेजारच्या मालोजीला मदतीला बोलावलं. तो म्हणाला, "पौष सरू दे." पण रात्ररात्र ते खोकणं याला ऐकवेना. म्हणून एकटाच निघाला.

खांबाला शिडी लावून त्यानं दोरानं आढ्याचं अलीकडचं टोक वर ओढलं, खांबावर टेकवलं. दुसरं टोक जमिनीवरच. आता शिडी पलीकडच्या खांबाला नेऊन तिकडचं ओढायचं, एवढंच राहिलं होतं. पण अंधारात टोक खाचेत नीट बसलं नव्हतं. एक पायरी उतरतोय तोच आढं घसरायला लागलं.

त्यानं मिठी मारली.

खाली, गोणपाटाच्या आड, आई चुलीपाशी. ओरडावं तर ती धावत बाहेर येणार. नेमकी त्याच्याखाली.

दोर निसटला. हात बधिर झाले. बोटं उलगडायला लागली.

आणि सवयीनं... नुसत्या सवयीनं तोंडातून निघालं,

"घे वर."

पलीकडचं टोक उचललं गेलं.

हळू. खांद्यावर घेतात तसं. वर... आणखी वर.

ज्योतीरामनं तिकडं पाहिलं नाही.

शिडी एकच होती. त्याच्या पायाखाली.

खट्. तिकडचं टोक बसलं. मग इकडचं.

सगळं चिडीचूप.

"गेनू?"

...

"दोर न्हाई सरकला, गेनू. माझा हात सुटला... माझाच."

...

"आईला अजून सांगितलं न्हाई."

पलीकडं कुणी दम सोडल्यासारखं झालं. बस्स, तेवढंच.

त्यानं खाली पाहिलं. कुशाबाई पेटती चिमणी घेऊन उभी. किती वेळची, देव जाणे.

"आई... ऐकलंस?"

"झोपंत मुठी आवळतोस रं तू," ती म्हणाली. "रोज रातीला. आईला कळत न्हाई व्हय? उतर. तू आधी खाली उतर."

तो उतरला. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, तळवे बराच वेळ चोळत राहिली. मग पलीकडच्या अंधाराकडं तोंड करून म्हणाली,

"जा आता, बाळा. थंडी लई हाय."

मग गोणपाट हललं... वारा नव्हता.

मायलेकरं रात्रभर एकमेकांना धरून बसली. त्या रात्री ज्योतीराम पहिल्यांदा रडला.

सकाळी मी दोर आणायला गेलो. आढं सरळ बसलेलं, तसूभर इकडं तिकडं नाही. ज्योतीरामनं सगळं सांगितलं. मी म्हटलं, दुःखात माणसाला भास होतात, एकट्यानंही आढं चढतं कधी कधी. तो मला पलीकडच्या खांबापाशी घेऊन गेला.

खांबाला एक खुंटी होती. सागाची, ताजी तासलेली, पक्की ठोकलेली. खाली भुसा नाही, ढलपी नाही.

"ही तू बसवलीस?"

"न्हाई."

सुतार खुंटी बसवतो ती आपल्या डोक्याच्या उंचीला. ही पार खाली होती. कुशाबाई वाकलेली, बुटकी बाई. तिचा हात पोचेल, बरोबर तेवढ्याच उंचीवर.

छप्पर झालं, माणसं राहायला लागली. खुंटी अजून आहे. कुशाबाई तिच्यावर काही टांगत नाही. येता-जाता नुसता हात लावते.