डार्क रूममध्ये लिहिणारी

शुक्रवारी दुपारी तीन वाजता बबडी फिजिक्सचं जर्नल काखेत मारून सही घ्यायला निघाली, तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि तिच्या डोक्यात भूतबीत काही नव्हतं. डोक्यात होतं कॅंटीन. सही झाली की चहा, चहा झाला की सिनेमा, असा सगळा बेत ठरलेला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मागाहून लोक म्हणायला लागले की पोरगी मुळातच भित्री. छे! होस्टेलच्या न्हाणीघरातली पाल हाताने उचलून बाहेर टाकणारी मुलगी ती.

बबडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पहिल्या वर्षी बाबा तिला होस्टेलवर सोडायला आले आणि जाताना फाटकातून ओरडले, "बबडे, स्वेटर घालत जा गं!" तिन्ही मजल्यांनी ऐकलं. झालं, त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं.

आता या जर्नलचं महत्त्व असं, की पहिल्या पानावर मॅडमची सही नसेल तर सोमवारच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की बबडीचा धाकटा भाऊ, जो त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होता, तो जूनमध्ये तिच्याच वर्गात येऊन बसणार. त्या नालायकाने आधीच निरोप धाडला होता, "ताई, खिडकीजवळची जागा धरून ठेव हं." बबडीला रात्र रात्र झोप नव्हती ती त्या एका वाक्याने.

नऊपैकी आठ प्रयोग तिने स्वतः केले होते. आठव्या प्रयोगाच्या दिवशी मात्र ती दांडी मारून भटकायला गेली होती. तो तिने नकाशाच्या जर्नलमधून उतरवला. नकाशा म्हणजे तिची जिवलग मैत्रीण. स्वतःच्याच कॉलेजात हरवायची, म्हणून नाव नकाशा. नकाशाने तो सीनियर ताईकडून उतरवलेला, ताईने आणखी कुणाकडून. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीडिंग होती ती.

मॅडमनी पानं उलटली आणि आठव्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय?"

"रीडिंग आहे, मॅडम."

"तीनशे पंच्याहत्तर अंश?"

"हो, मॅडम."

"वर्तुळ किती अंशांचं असतं गं?"

बबडीने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "तीनशे साठ."

"मग वरचे पंधरा कुठून आणलेस? घरून डब्यात घालून?"

बाजूला काचा पुसत उभे असलेले मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, तोंडावर फडकं धरून हसले. मॅडम हसल्या नाहीत. "पाच वाजेपर्यंत मी इथे आहे. डार्क रूममध्ये जा, तीन रीडिंग घे, आणून दाखव. बरोबर आली तर सही."

"एकटीने, मॅडम?"

"उतरवताना कोण होतं सोबतीला?"

बबडीने जर्नल काखेत मारलं आणि निघाली.

डार्क रूम प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला होती. खिडकीच्या काचांना काळा रंग, दाराला आतून काळा पडदा, आणि एक वास. तापलेल्या वॉर्निशचा, जुन्या धुळीचा, अनेक दिवस कोंडून राहिलेल्या श्वासांचा वास. मामांनी सोडियमचा दिवा लावून दिला, हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, "दार लावून घे गं पोरी. उजेड आत आला की काही दिसत नाही." त्यांच्या चपला फटक फटक करत दूर गेल्या, मग तो आवाजही बुडाला.

सोडियमचा दिवा लगेच पिवळा होत नाही. आधी गुलाबी, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा, मग हळूहळू पिवळा. आणि एकदा पिवळा झाला की खोलीतले बाकीचे सगळे रंग मरतात. बबडीचा लालभडक कुडता काळपट झाला. तिचे हात राखाडी दिसायला लागले, आणि ते टेबलावरच्या यंत्राच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवू लागले तेव्हा ते कुणा दुसरीचे असावेत असं तिला उगाच वाटलं.

हा प्रयोग नेहमी जोडीने करतात. एकजणी दुर्बिणीला डोळा लावून पिवळी रेघ फुलीवर आणते, खालच्या चकतीवर टॉर्च मारून आकडा वाचते. दुसरी मागच्या टेबलाशी बसून लिहून घेते, आणि लिहून झालं की म्हणते, "बोल." की पुढचा आकडा. एकटीने करायचं म्हणजे सर्कसच. बबडीने टॉर्च दातांत धरला, तर लाळ गळायला लागली. पेन्सिल कानावर खोचली, ती खाली पडून कुठे घरंगळली कोण जाणे. ती ओणवी होऊन चाचपडत होती, तेवढ्यात मागून हलकेच आवाज आला.

"बोल…"

बबडीचा जीव भांड्यात पडला. "आलीस का नकाशाबाई! वाट सापडली म्हणायची. तुझ्या त्या पंधरा अंशांनी माझी काय शोभा झालीये, बाहेर चल मग सांगते. घे, लिही. एकशे बेचाळीस अंश, वीस मिनिटं."

मागे पेन्सिल खरखरली.

"पुढे…"

अंधारात माणूस आपोआप कुजबुजत बोलतो. बबडीनेही आवाज खाली आणला आणि आकड्यांच्या मधेमधे बडबड सुरू ठेवली. भाऊ कसा टपून बसलाय, होस्टेलच्या गाद्यांत कापूस आहे की दगड, सिनेमाला पुढच्या रांगेत बसायचं की मागच्या. मागून उत्तर एवढंच यायचं, "बोल… पुढे…" नकाशा एवढी गप्प कधी नसते. पण घाईच्या वेळी माणूस कशाला खोलात शिरतो?

"दोनशे दोन अंश, तीस मिनिटं."

पेन्सिल हलली नाही.

"तीस नव्हे… पुन्हा बघ."

बबडीने टॉर्च जवळ नेला. खरंच, एकोणतीस होते. "अय्या, हुशार झालीस की!" ती म्हणाली आणि तिसरं रीडिंग घेऊन मोकळी झाली.

डोळा दुर्बिणीपासून काढल्यावर तिच्या लक्षात यायला लागलं. चकतीवरचे आकडे मुंगीएवढे. वाकून, नाक लावून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. मागच्या टेबलावरून ते दिसायचा प्रश्नच नव्हता. आणि टॉर्च सगळा वेळ तिच्याच हातात होता. मग मागची बाई काळोखात लिहीत कशी होती?

तिने वळून टॉर्च मारला. स्टूल रिकामं होतं. टेबलावर जर्नल उघडं होतं आणि पानावर तीन ओळी, तिरक्या, रेखीव अक्षरांत.

जर्नल उचलून ती बाहेर कशी आली, ते तिला आजही सांगता येत नाही. दारातच नकाशा भेटली, घामाघूम, केस विस्कटलेले. "अगं, ही डार्क रूम आहे तरी कुठे? अर्धा तास शोधतेय! जीवशास्त्राच्या सापळ्यांशी तीनदा गाठ पडली माझी."

बबडीच्या तोंडचं पाणीच पळालं.

मॅडमनी पान पाहिलं आणि त्या तिरक्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोणी लिहिलं हे?"

"मी, मॅडम."

"खरं सांग."

"…माहीत नाही, मॅडम."

"मी इथे शिकत होते ना," मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तेव्हा माझ्या जोडीला एक मुलगी होती. असंच अक्षर. परीक्षा इतकी सुरेख दिली तिने… निकाल रोज विचारायची. कधी लागणार, कधी लागणार. निकालाच्या आधीच…" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि झरकन सही केली. "जा. आणि हे बघ, बबडी," मॅडमनी तिला या नावाने पहिल्यांदाच हाक मारली, "सोमवारी तुला डार्क रूम आली तर निघताना दार लावून घे. विसरू नकोस."

आता तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर कुणाला डार्क रूम आल्याशिवाय राहील? सोमवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चिठ्ठ्या पुढे केल्या आणि बबडीने नेमकी आठ नंबरची उचलली. मॅडमचा चेहरा उतरला. "सर, हिला दुसरा एखादा प्रयोग देऊ या का?"

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," परीक्षक म्हणाले आणि शिंकले. त्यांना सर्दी झाली होती.

काळा पडदा. वॉर्निशचा वास. गुलाबी, मग पिवळा. बबडीची पाचावर धारण बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय, रेघ काही फुलीवर थांबत नाही. वीस मिनिटं गेली, कागद कोरा. बाहेर पळावं तर शून्य मार्क आणि शेजारच्या बाकावर भाऊ. आत थांबावं तर… तिला रडूच फुटलं. अगदी मुसमुसून रडली बिचारी.

"सरक…"

आवाज या वेळी मागून नव्हता. कानाशी होता, गार.

"सरक थोडी… मी वाचते. तू लिही."

बबडी सरकली. दुसरं काय करणार? तिने पेन्सिल घेतली, डोळे घट्ट मिटले, मग लिहायला लागतात म्हणून उघडले. दुर्बिणीचा स्क्रू आपोआप फिरताना तिने पाहिला नाही, कारण तिने तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. फक्त ऐकलं. एक आकडा. दुसरा. आवाज मुलीचाच होता, तिच्याच वयाचा, आणि त्याला जराशी धाप लागली होती.

"बोल," तिसऱ्या आकड्यानंतर बबडी सवयीने म्हणून गेली आणि स्वतःच दचकली.

दुर्बिणीच्या स्क्रूची करकर थांबली.

"जाताना… दार उघडं ठेव."

मॅडमचं बोलणं तिला चांगलं आठवत होतं. दारापाशी येऊन तिने कडीला हातही घातला. पण जिने आपलं वर्ष वाचवलं, तिच्या तोंडावर दार आपटायचं? बबडीला ते काही जमेना. "थँक्यू हं," ती पुटपुटली, पडदा बाजूला सारला आणि दार सताड उघडं टाकून धूम पळाली.

पुढचे आठ दिवस काही म्हणजे काही झालं नाही. मामा एकदा ओरडले, "कुणी गं दार उघडं टाकलं?" बस्स.

निकाल लागला तो भर दुपारी. ऑफिसबाहेरच्या फलकावर कागद लागला, काचेआड, कुलपात. किल्ली हेडक्लार्कसाहेबांच्या खिशात, कारण मागे एका पोराने पेनाने स्वतःचे मार्क वाढवून घेतले होते. फलकापुढे ही झुंबड! बबडी कोपरं मारत पुढे घुसली. तिचा नंबर बेचाळीस. वीसपैकी अठरा!

"अठरा!" ती किंचाळली. भाऊ मागून ओरडला, "म्हणजे जागा धरणार नाहीस?" आणि सगळे हसले. ऊन कसं छान पडलं होतं, आभाळ निळं होतं, आणि बबडीला त्या सर्दीवाल्या परीक्षकांचासुद्धा पापा घ्यावासा वाटत होता. मागच्यांना दिसेना, म्हणून ती मोठ्याने सगळ्यांचेच मार्क वाचायला लागली. त्रेचाळीस, चौदा. चव्वेचाळीस, सोळा. नकाशाचे पंधरा. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी कपाळ बडवलं. एकसष्ट नंबरपाशी यादी संपली. "चला, खेळ खलास!" बबडी म्हणाली. गर्दी पांगली.

"आणि… माझे?"

अगदी खांद्यापाशी. बबडीने वळून पाहिलं. नकाशा चार पावलांवर उभी होती, दोन्ही हातांत दोन आइस्क्रीम आणि तोंडात तिसऱ्याचा घास. भाऊ तर पार जिन्याशी पोचला होता. भर उन्हात वॉर्निशचा तो तापलेला वास आला.

आवाजात काय होतं म्हणाल, तर भीती होती. निकालाच्या दिवशी फलकापुढे उभं राहताना वाटते ना, तीच. ती बबडीने लगेच ओळखली. आठ दिवस ती स्वतः तीच घेऊन फिरत होती. तिला त्या मुलीची फार दया आली. ती काचेकडे तोंड करून हळूच म्हणाली, "अठरा. तुझेही अठरा, गं."

कुणीतरी श्वास सोडला. लांब, सुटकेचा, वर्षानुवर्षं कोंडलेला. आणि बबडीच्या खांद्याच्या उंचीवर काचेवर तळहाताएवढी वाफ धरली.

"कुणाशी बोलतेयस?" नकाशाने विचारलं.

"कुणाशी नाही. दे इकडे माझं आइस्क्रीम," बबडी म्हणाली आणि दोघी हसत निघाल्या.

वाफ तिथेच राहिली. मामा बरेच दिवस रोज सकाळी फडकं घेऊन ती काच घासत होते. एकदा बबडीच त्यांना म्हणाली, "मामा, राहू द्या हो, जाईल आपोआप." मामांनी फडकं खांद्यावर टाकलं, तिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाहेरून पुसून कशी जाणार गं पोरी? कुलूप लावलंय… आणि वाफ आतल्या बाजूला आहे."